लाडवानं भीम होत नाही

ना. म. जोशी मार्ग आणि गणपतराव कदम मार्ग हे लोअर परळचे दोन रस्ते. गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या इथल्या काचेच्या इमारतींत गेली कित्येक वर्षं टीव्हीचे निर्णय होत आले आहेत. झीचं मुख्य कार्यालय मॅरेथॉन फ्युचरेक्समध्ये, तर स्टारचं दीर्घकाळ ऊर्मी इस्टेटमध्ये राहिलं. या परिसरातल्या चहाच्या टपरीवर मुलांच्या कार्टून मालिकांचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकायला मिळतं आणि ते मत आता लिहिणाऱ्यांनी, चितारणाऱ्यांनी, पालकांनीसुद्धा स्वीकारलं आहे. मत असं : मुलांची साहसमालिका चालते ती फॉर्म्युल्यावर. पात्र म्हणजे खुंटीवर टांगलेली टोपी. एक काढा, दुसरी लावा.

हे मत मला चुकीचं वाटतं, आणि नुसतं चुकीचं नव्हे तर नुकसान करणारं वाटतं. पण खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडण्यात काही अर्थ नाही.

पूर्वपक्षाचं म्हणणं असं. 'छोटा भीम' 2008मध्ये पोगोवर आला आणि आजही चालू आहे. ढोलकपूरवर संकट येतं, भीम अडतो, टुनटुन मौसीचा लाडू खातो, जिंकतो. 2012मध्ये निकवर 'मोटू पतलू' आले. तिथं लाडवाच्या जागी समोसा, बाकी सगळं तेच. 'डोरेमॉन'मध्ये नोबिता रडत येतो, पोटाच्या खिशातून गॅजेट निघतं, गॅजेट अंगाशी येतं. मुलं हे शेकडो वेळा बघतात आणि कंटाळत नाहीत. म्हणजे मुलांना पुढं काय होणार हे आधीच माहीत असलेलं हवं असतं. याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेत 1996मध्ये निकेलोडियननं 'ब्लूज क्लूज' सुरू केलं, तेव्हा एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवला. मुलं कंटाळायच्या ऐवजी रोज जास्त उत्साहानं उत्तरं द्यायला लागली. त्यात धंद्याचं गणितही आहे. 11 किंवा 22 मिनिटांचा भाग, वर्षाला 52 भाग, वाहिनी ते कुठल्याही क्रमानं दाखवणार. अशा कामाला पक्का साचाच लागतो. आणि विद्वत्तेचा शिक्का हवा असेल तर व्लादिमीर प्रॉप आहेच. त्यानं 1928मध्ये रशियन परीकथांचा अभ्यास करून 31 घटनाकार्यं वेगळी काढली आणि दाखवलं की कार्यं कायम राहतात, ती करणारी माणसं बदलतात. पुढे जोसेफ कॅम्पबेल आला, 1980च्या दशकात डिस्नेत काम करणाऱ्या ख्रिस्तोफर व्होग्लरनं कॅम्पबेलचा नायकप्रवास काही पानांच्या टिपणात बसवला आणि जगभरच्या पटकथाकारांच्या हाती कुंजी आली.

पूर्वपक्ष भक्कम आहे. त्यातली तथ्यं मी नाकारत नाही. त्या तथ्यांवरून काढलेला निष्कर्ष मी नाकारतो.

आपल्याकडच्या नैयायिकांनी कारण ठरवण्याची एक साधी कसोटी सांगितली आहे, अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथं कार्य दिसलं पाहिजे आणि कारण नसेल तिथं कार्य दिसता कामा नये. फॉर्म्युला असूनही मालिका मेली, असं उदाहरण सापडलं की तो हेतू व्यभिचारी ठरला. आता अमेरिकेतल्या हॅना-बार्बेरा कंपनीकडे बघा. 1969मध्ये त्यांनी 'स्कूबी-डू' काढलं. चार तरुण, एक भित्रा कुत्रा, एक व्हॅन, एक भुताटकी आणि शेवटी भुताचा मुखवटा उतरवला की आत नेहमीचाच कुणीतरी लबाड माणूस. मालिका तुफान चालली. कंपनीनंही मग तेच केलं जे आज लोअर परळमध्ये कुणीही करेल. साचा उचलला आणि पात्रं बदलली. 1970मध्ये 'जोसी अँड द पुसीकॅट्स', 1971मध्ये 'फंकी फँटम', 1973मध्ये बोलणारी मोटार असलेली 'स्पीड बग्गी', 1976मध्ये कुत्र्याच्या जागी शार्क मासा असलेला 'जॅबरजॉ'. कंपनी तीच, चित्रकार बहुतेक तेच, शनिवार सकाळची वेळही तीच. कुणी एक हंगाम टिकलं, कुणी जेमतेम दोन. स्कूबीच्या नव्या मालिका पन्नास वर्षांनंतरही निघत होत्या.

प्रयोगशाळेत मुद्दाम मांडला तरी इतका स्वच्छ प्रयोग होणार नाही. फॉर्म्युला सगळ्यांत समान होता. जे सगळ्यांत समान आहे, ते त्यांच्यातल्या फरकाचं कारण कसं होईल? फरक एवढाच होता की एका ठिकाणी भित्रेपणा आणि खादाडपणा यांचं असं मिश्रण जमलं होतं की भूत आलं तर हा कुत्रा आधी पळेल की आधी सँडविच संपवेल, हे बघावंसं वाटायचं. इवाओ ताकामोतोनं तो काढताना ग्रेट डेन जातीच्या रुबाबदार कुत्र्याची लक्षणं मुद्दाम उलटी केली होती. वाकलेले पाय, पुढं आलेली हनुवटी, उतरता पाठकणा. एवढ्या मोठ्या अंगाचा प्राणी आणि एवढा घाबरट, ही विसंगती त्याच्या रेषेतच होती. जॅबरजॉच्या रेषेत अशी कुठलीही अडचण नव्हती.

'ब्लूज क्लूज'चा दाखला तर पूर्वपक्षावरच उलटतो. मुलांनी पाच दिवस काय पाहिलं? तोच भाग पाहिला. त्याच साच्यातले पाच वेगळे भाग नव्हे. घरात रात्री गोष्ट सांगणाऱ्या कुणालाही हा अनुभव आहे. मूल 'तशीच एक सांग' म्हणत नाही, 'तीच सांग' म्हणतं. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. यात कावळ्याच्या जागी पोपट घातलात तर तीन वर्षांचं मूल तुम्हाला थांबवतं. फॉर्म्युला शाबूत आहे, पाऊसही तेवढाच पडला आहे, पण मुलाला ते चालत नाही. दार न उघडणारी चिमणी तीच हवी, तिची कारणं त्याच क्रमानं हवीत. पुनरावृत्तीचं प्रेम हे विशिष्टाचं प्रेम आहे. ते सामान्याचं प्रेम समजून त्यावर धंदा उभा केला की फसगत ठरलेली.

आता डोरेमॉन, कारण पूर्वपक्षाचं सगळ्यात धारदार शस्त्र तेच आहे. 2005च्या सुमारास ती मालिका हंगामा वाहिनीवरून आपल्या घरांत शिरली आणि मराठी मुलं हिंदी बोलायला शिकली ती बऱ्याच अंशी तिच्यामुळे. फॉर्म्युल्याच्या बाबतीत इतकी काटेकोर मालिका दुसरी दाखवता येणार नाही. पण एक करून पाहा. तेच गॅजेट नोबिताऐवजी डेकिसुगीच्या हातात द्या, त्या वर्गातल्या हुशार, समंजस, वेळेवर अभ्यास करणाऱ्या मुलाच्या. तो सूचना नीट वाचेल, काम झाल्यावर गॅजेट परत करेल, आभार मानेल. दोन मिनिटांत भाग संपला. गॅजेट अंगाशी येतं ते नोबिता आळशी आहे, हावरट आहे, वर्गमैत्रीण शिझुकासमोर शेखी मिरवायचा मोह त्याला आवरत नाही आणि तरीही मनानं तो निर्मळ आहे म्हणून. ज्याला आपण फॉर्म्युला म्हणतो ती नोबिताच्या स्वभावाची सवय आहे. फुजिको एफ. फुजिओंनी हा मुलगा ओळखला होता आणि ठरावीक वळणं त्याच्या वागण्यातूनच तयार होतात. वळणं पाहून मुलगा बनवला असता तर डेकिसुगी बनला असता, कारण कागदावर नायकाचे गुण त्याच्याकडेच आहेत.

लाडू-समोशाचंही तसंच. वरून दोन्ही एकच वाटतात, खाल्लं की ताकद. पण भीमाचा लाडू हा औषधासारखा आहे. त्यानं भीमाच्या स्वभावाविषयी फारसं कळत नाही. मोटूचा समोसा हा त्याचा स्वभाव आहे. तो उधारीवर खातो, चोरून खातो, त्यासाठी मित्राला तोंडघशी पाडतो, भुकेल्या पोटी त्याची बुद्धी चालत नाही. संकट सोडवणारा समोसा बहुतेक वेळा संकट आणणाराही असतो. त्यामुळे मला 'मोटू पतलू'चे भाग 'छोटा भीम'पेक्षा लेखनाच्या दृष्टीनं सरस वाटतात. आणि ढोलकपूरमध्ये सगळ्यात जिवंत कोण, असं विचाराल तर मी भीमाचा प्रतिस्पर्धी कालिया म्हणेन. त्याला मत्सर आहे, त्याला हरायची लाज वाटते, ढोलू-भोलू या साथीदारांसमोर आब राखायचा असतो आणि खरं संकट आलं की तो कधीकधी भीमाच्या बाजूनं उभा राहतो. कालिया पडद्यावर आला की पुढं काय होईल याची मला उत्सुकता असते. भीम आला की नसते.

तरीही भीम टिकला, हे खरं आहे. आणि तो कशामुळे टिकला याचा पुरावा त्याच्याच घरातून मिळतो. 2019मध्ये 'छोटा भीम' बनवणाऱ्या ग्रीन गोल्ड कंपनीनं नेटफ्लिक्ससाठी 'मायटी लिटिल भीम' केलं. भीम रांगत्या वयाचा. संवाद नाहीत. दरोडेखोर, राक्षस, राज्यावरचं संकट, शेवटची मारामारी, सगळं काढून टाकलं. उरलं काय? अंगात मावत नाही इतकी ताकद असलेलं, कुतूहलानं पछाडलेलं, मनानं गोड बाळ आणि त्याच्यामागे धावणारी आई. ही मालिका भाषेच्या सगळ्या भिंती ओलांडून देशोदेशी पाहिली गेली. इथं व्यतिरेकाची कसोटीही मोडली. फॉर्म्युला काढला, पात्र ठेवलं आणि कार्य तरीही झालं.

आता शास्त्राकडे. प्रॉपचा आधार घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्याचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं असावं. तो वर्गीकरण करत होता. वनस्पतिशास्त्रज्ञ पानांच्या रचनेवरून कुळं ठरवतो, तसं. कथा आवडते कशामुळे, हा त्याचा प्रश्नच नव्हता. आणि ज्या ठिकाणी तो पात्रांच्या गुणविशेषांकडे वळतो, त्यांचं रूप, वय, राहण्याची जागा, प्रवेशाची रीत, तिथं तो स्वच्छ म्हणतो की कथेला तेज आणि सौंदर्य येतं ते याच बदलत्या गुणविशेषांमुळे. म्हणजे सांगाड्याचा अभ्यास करणाऱ्यानंच सांगून ठेवलं आहे की माणूस सांगाड्यावर भाळत नाही. अॅरिस्टॉटलचा दाखलाही असाच अर्धवट दिला जातो. कथानक पहिलं, स्वभाव दुसरा, हे त्यानं म्हटलं आहे. पण त्याच ग्रंथात त्यानं असंही म्हटलं आहे की अमुक स्वभावाचा माणूस अमुक बोलेल, करेल, ते अपरिहार्य किंवा संभवनीय असलं पाहिजे आणि गाठ सुटावी ती कथेच्या आतून. वरून यंत्रानं देव उतरवून नव्हे. ऐन वेळी तोंडात पडणारा लाडू म्हणजे त्या यंत्रातला देवच.

आपल्या परंपरेनं हा हिशेब अधिक नेमका मांडला आहे. दहाव्या शतकात धनंजयानं 'दशरूपक' लिहिलं तेव्हा रूपकांचे प्रकार वेगळे करणारी तीन तत्त्वं सांगितली : वस्तू, नेता आणि रस. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण या पाच संधी, म्हणजे आजच्या भाषेत पटकथेचा आराखडा, त्याला ठाऊक होताच. तो त्यानं पूर्ण बारकाव्यानिशी दिला. पण संधी वस्तूच्या पोटात घातल्या आणि नेत्याला वेगळं, समकक्ष स्थान दिलं. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत हे नायकभेद कशासाठी? एकच प्रसंग, समजा अपमान, चौघांवर आला तर चार वेगळ्या गोष्टी होतात म्हणून. फॉर्म्युलावाद्यांनी वस्तू ठेवली, नेता गाळला आणि रस आपोआप येईल अशी आशा धरली.

पण या वादातला माझा सगळ्यात मोठा साक्षीदार ग्रंथात नाही. तो परळ-लालबागच्या चाळींत राहत होता. गिरणीत कामाला आलेला कोकणी माणूस ट्रंकेबरोबर भजन, नमन आणि दशावतार घेऊन आला. 1922मध्ये सोशल सर्व्हिस लीगनं परळला दामोदर नाट्यगृह उभं केलं, लीग ना. म. जोशींची, ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आज झीचं कार्यालय आहे. कामगार रंगभूमी त्या नाट्यगृहात वाढली. कोकणातल्या मंडळींचे नाट्यप्रयोग तिथं पिढ्यान्‌पिढ्या झाले. 2023च्या नोव्हेंबरपासून पुनर्विकासाच्या नावाखाली ते बंद झालं आणि रंगकर्मींना रस्त्यावर यावं लागलं, याचं दुःख परळमध्ये अजून ताजं आहे.

दशावताराइतका पक्का फॉर्म्युला कुठल्या कार्टून मालिकेत आहे? आधी आडदशावतार. ऋद्धी-सिद्धींसह गणपती, मोरावरची सरस्वती, ब्रह्मदेव, मग वेद चोरणारा शंकासुर आणि त्याला मारणारा विष्णू. त्यानंतर आख्यान. पुराणातली कथा, राजा, राणी, राक्षस, नारद. मंचावर एक बाकडं, तेच सिंहासन, तेच रान, तेच कैलास. साथीला पायपेटी, मृदंग, झांज. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात आणि नट रंगभूमीवर येऊन बोलायला लागतात. राक्षस मरणार, पतिव्रतेचं सत्त्व टिकणार, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ. पूर्वपक्ष खरा असता तर अशा प्रेक्षकाला कुठलाही खेळ सारखाच वाटला असता. तसं कधीच नव्हतं. कुठल्या कंपनीचा खेळ आहे, राक्षस कोण करणार, नारद कुणाचा, हे विचारून माणसं ठरवत. दशावतारी नट सुधीर कलिंगणांना लोकांनी 'लोकराजा' म्हटलं ते राजाच्या कथा नव्या होत्या म्हणून नव्हे. त्यांचा राजा दुःखात कसा बोलेल हे ऐकायचं होतं म्हणून. पहाटेपर्यंत जागणारा तो प्रेक्षक घटनेसाठी जागत नव्हता.

शंकासुराचंच बघा. डोक्यापासून पायापर्यंत काळा, बाकीचे देव पुस्तकी मराठी बोलत असताना हा मालवणीत बोलणार, प्रेक्षकातल्या माणसांची खोड काढणार, ब्रह्मदेवाला जेरीस आणणार. खेळाच्या सुरुवातीलाच तो मारला जातो. फॉर्म्युल्यात त्याचं काम एका ओळीचं आहे : वेद चोरणे आणि मरणे. पण लहान मुलं आठवडाभर नक्कल करतात ती त्याची. त्याला मारणाऱ्या विष्णूची नक्कल करताना मी कुणाला पाहिलेलं नाही. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'मध्ये तर गावच्या नाटकमंडळीनं बसवलेली महाभारतातली सर्वांना ठाऊक असलेली कथा आहे. तरी 1980पासून त्याचे हजारो प्रयोग झाले ते मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचासाठी.

इथं एक आक्षेप रास्त आहे. दशावतारात जिंकतो तो नट, पात्र नव्हे. कार्टूनमध्ये नट कुठे आहे? मग हा दाखला गैरलागू ठरत नाही का?

उलट तो जास्तच लागू पडतो. जिवंत नट दुबळ्या पात्रात स्वतःचा प्राण ओततो, फॉर्म्युला तारून नेतो. ॲनिमेशनमध्ये तो तारणहार नाही. तिथं डोळा किती उघडेल, पाऊल कसं पडेल, उत्तर द्यायच्या आधी किती फ्रेम थांबायचं, हे कुणीतरी ठरवून काढावं लागतं आणि ते ठरवण्यासाठी समोरचा प्राणी कोण आहे हे आधी कळलेलं असावं लागतं. नाही कळलं, तर पडद्यावर चित्र हलतं आणि तेवढंच होतं. गिरणीत साचा कितीही नवा आणला तरी सूत कच्चं असेल तर धागा तुटतो, हे साचेखात्यातल्या माणसाला सांगावं लागत नसे.

जिथं नट उरतो तिथं, म्हणजे आवाजात, काय घडतं तेही पाहण्यासारखं आहे. 'जंगल बुक' ही जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची 1989ची मालिका. 1993मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती हिंदीत आली आणि शेरखानला आवाज दिला नाना पाटेकरांनी. चित्रं जपानमध्ये होती तीच. पण त्या आवाजात तुच्छता होती, थकवा होता, आपल्याच रानात एका माणसाच्या पोराकडून अपमान झाल्याची जळजळ होती. त्या पिढीला मालिकेतले किती भाग आठवतात? शेरखान मात्र सगळ्यांना आठवतो. खलनायक म्हणजे हरवण्याची वस्तू, असं फॉर्म्युला मानतो. तो आवाज तसं मानत नव्हता.

मुंबईतच घडलेलं याहून मोठं उदाहरण म्हणजे मीना. राम मोहन 1956मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या कार्टून विभागात दाखल झाले. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स तिथं शिकवायला आले होते. पुढे राम मोहन यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि 1990च्या दशकात युनिसेफसाठी 'मीना' घडवली. हॅना-बार्बेराच्या मनिलातल्या स्टुडिओचाही सुरुवातीला त्यात हात होता. आता युनिसेफकडे फॉर्म्युला तयार होता : एक सामाजिक समस्या, एक संदेश, एक सुखान्त. आपल्याकडे अशा प्रचारपटांचा डोंगर आहे आणि त्यातला एकही कुणाला आठवत नाही. मीनाच्या वेळी मात्र आधी मुलगी शोधली गेली. तिचं नाव काय असावं, कपडे कसे, चेहरा कसा, घर कुठलं, सोबत कुठला प्राणी, हे भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान या चारही देशांतल्या मुलांना आणि मोठ्यांना चित्रं दाखवून, विचारून ठरवलं गेलं. त्यातून नऊ वर्षांची, प्रश्न विचारणारी, वाद न घालता युक्ती काढणारी मीना आली. भाऊ राजू आणि मिठू पोपट आला. आंब्याच्या वाटणीचा भाग घ्या. मोठा वाटा राजूला मिळतो. संदेश सांगायचा तर कुणीतरी भाषण दिलं असतं. मीना म्हणते, एक दिवस कामांची अदलाबदल करू. राजूला तिची कामं करून घाम फुटतो. समतेचा धडा तिच्या स्वभावातून निघाला. त्यामुळे तो मुलांना धडा वाटला नाही.

मराठी साहसकथेचा इतिहासही हेच सांगतो, आणि इथं पूर्वपक्ष बाबूराव अर्नाळकरांना पुढं करतो. एका माणसानं हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्या फॉर्म्युल्याशिवाय कशा लिहिल्या असतील? नसतीलच. मी ते मान्य करतो. पण त्या हजारांतल्या किती कथानकांची आठवण आज कुणाला आहे? आणि झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही नावं विसरलेला जुना वाचक कुठे आहे? गिरणगावातल्या चार-आठ आण्यांच्या वाचनालयांतून ही पुस्तकं फिरली ती नायकाच्या नावावर. नंतर गुरुनाथ नाईकांनी कॅप्टन दीप आणला, सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद. प्रत्येक वेळी बाजार जिंकला तो एका नावानं. त्याच साच्यात त्याच काळी लिहिणारे, पण नाव जन्माला घालू न शकलेले लेखक आज सूचीतही मिळत नाहीत.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेबद्दल मला मनापासून लिहावंसं वाटतं, कारण कार्टून मालिकेला हवं ते सगळं त्याच्यात आधीच आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे. हाडकुळा, सायकलवर सुसाट, आधी उडी आणि मग विचार, आणि काही सुचलं की तोंडातून निघणारा तो 'ट्टॉक' आवाज. अंधारात चेहरा दिसला नाही, नुसती आकृती दिसली, तरी हा कोण ते कळेल. ॲनिमेशनवाले पात्राची पहिली परीक्षा घेतात ती हीच. चोर, भुयार, विमान, गड, हे सामान जगभरच्या मुलांच्या साहसकथांचं सामाईक सामान आहे. एनिड ब्लायटनकडेही तेच. भागवतांनी ते बिनदिक्कत वापरलं. पुस्तकांची नावं बघा : प्रतापगडावर फास्टर फेणे, चक्रीवादळात फास्टर फेणे, विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे. जागा बदलते, संकट बदलतं, आणि लेखकाला पक्कं ठाऊक आहे की पैसे मोजले जातात ते उरलेल्या दोन शब्दांसाठी. 1980च्या दशकात सुमीत राघवनचा फेणे दूरदर्शनवर आला, 2017मध्ये अमेय वाघचा सिनेमात. काळ बदलला, वय वाढलं, गुन्हे बदलले. पात्रानं ते सगळं सोसलं. फॉर्म्युला असा पन्नास-साठ वर्षं एका जागेवरून दुसरीकडे नेता येत नाही, कारण तो कुणाच्याच मालकीचा नसतो.

उरतो तो पैशाचा आणि वेळेचा मुद्दा. तो हलका नाही. 52 भागांचं वेळापत्रक समोर असताना पात्र पिकायची वाट कोण बघणार, असं विचारलं जातं. माझ्या ओळखीच्या अनेक तरुण चित्रकारांना पहिल्याच आठवड्यात विचारणा होते ती 'यात लाडू काय आहे?' अशी. त्यांच्या वह्यांत मी अशी मुलं-मुली पाहिली आहेत, ज्यांना लाडवाची गरज नव्हती. त्यांचं काय झालं हे सांगायला नको. पण हिशेब तरी पूर्ण मांडा. साच्यावर काढलेली आणि वर्षात गळालेली मालिका फुकट पडत नाही. तिचे सगळे भाग, सगळे पगार, जाहिराती बुडीत खाती जातात. मीनासाठी मुलांना विचारत फिरण्यावर जो वेळ गेला, तो वाया गेला नाही.

म्हणून माझी मागणी ठोस आहे. पहिल्या भागाची पटकथा लिहिण्याआधी पात्राचं एक चित्र आणि त्याच्याबद्दलची पाचसहा वाक्यं घेऊन परळ-लालबागच्या चार शाळांत जावं. गोष्ट सांगू नये. फक्त विचारावं : याला वाटेत पाकीट सापडलं तर हा काय करेल? याच्या मित्रानं चोरी केली तर? अंधारात एकटा सापडला तर? मुलांनी खांदे उडवले किंवा प्रत्येकानं भलतंच सांगितलं, तर पात्र अजून झालेलं नाही. परत टेबलावर बसावं. आणि पाकीट परत देईल की नाही यावरून दुसऱ्या बाकावरची दोन पोरं भांडायला लागली, तर 52 भागांचं काम खुशाल सुरू करावं.